नववीतलं मूल आणि घरातली काळजी



चांदूर रेल्वेच्या आसपासच्या गावांतून हायस्कूलला येणाऱ्या मुलामुलींविषयी आज बोलायचं आहे. पण बोलणार आहे ते त्यांच्या आईवडिलांशी.

आपल्याकडे गावातली जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळदा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत असते. पुढं मूल एसटीनं मोठ्या गावाला जातं. गावच्या शाळेत गुरुजी त्याला घरच्या माणसांसकट ओळखत असतात. इथं भरलेल्या वर्गात ते हजेरीपटावरचं एक नाव होऊन बसतं. त्यातच शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा चौदा वर्षांपर्यंतच. म्हणजे नववीत कायद्याचा आधार सुटतो, गणित-विज्ञान अवघड होतं आणि वयही अडनिडं असतं. सगळं एकाच वेळी येतं.

त्यात आपला हंगाम. शाळा रंगात येते तेव्हा सोयाबीन सोंगणीला येतं. दिवाळीच्या आगंमागं कापूस फुटतो आणि वेचायला माणूस मिळत नाही. मुलांना वावरात जावं लागतं. परत वर्गात आली की मागचं समजलेलं नसतं. मग एखादा मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो, एखादा उगाच भांडण उकरून काढतो, एखादी मुलगी विचारलं तरी तोंड उघडत नाही. आपण म्हणतो, "पोट्टं वाया गेलं."

खरंच वाया गेलं का? 2013 साली तामिळनाडूतल्या ऊस-शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी ऊस निघण्याआधी, हात तंग असताना घेतली आणि पैसा हाती आल्यावर पुन्हा घेतली. आधीच्या चाचणीत तेच लोक कमी पडले. माणूस तोच होता. पैशाच्या चिंतेनं डोक्यातली जागा अडवली होती. हा अभ्यास मोठ्यांचा आहे. पण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या बँकेच्या नोटिशीचं बोलणं ऐकणारं मूल सकाळी बीजगणिताकडं कसं लक्ष देईल, याचा विचार आपण करायला हवा.

आणि आपण त्याला काय सांगतो? "बाप्पा, तुह्याच भरोशावर आहो आमी." हे प्रेमानं म्हटलेलं असतं. पण चौदा वर्षांच्या पोराला त्यातून ऐकू येतं ते असं, की मी नापास झालो तर घर बुडालं. मग काही मुलं जिवाच्या आकांतानं अभ्यास करतात आणि पुष्कळशी प्रयत्नच सोडतात. अभ्यास न करता नापास होणं त्यांना सोपं वाटतं. करून नापास होण्याची भीती मोठी असते. ज्याला आपण आळस म्हणतो, तो बरेचदा ही भीती असते.

मग मुलांपासून सगळं लपवायचं का? नाही. त्यांना कळतंच, आणि अर्धवट कळलेलं जास्त घाबरवतं. सरळ सांगा: "औंदा पीक कमी झालं, कर्ज आहे. ते फेडाचं काम आमचं. तुह्यं काम शाळा." एवढं स्पष्ट झालं की मुलाच्या मनावरचा ताण पुष्कळ उतरतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मन लावून काम करण्यासाठी माणसाला तीन गोष्टी लागतात असं मांडलं: थोडा स्वतःचा निर्णय, आपल्याला जमतं हा अनुभव आणि आपलं कुणीतरी आहे ही खात्री. या तिन्हींना पैसा लागत नाही. कुठला विषय आधी करायचा ते मुलाला ठरवू द्या. दहा गणितांतली तीन बरोबर आली तर आधी त्या तिनांबद्दल बोला. आणि शेजारच्या पोराशी तुलना करू नका.

आपलं कुणीतरी आहे, ही तिसरी गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. पापळ गावचे पंजाबराव देशमुख लहानपणी शिकायला याच चांदूर रेल्वेला आले, पुढं कारंजा आणि अमरावतीला गेले. खेड्यातल्या मुलाला शाळेइतकीच राहायला जागा आणि पाठीशी माणूस लागतो, हे त्यांनी जाणलं. म्हणून अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभं केलं आणि 1932 साली शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला.

शिक्षक मित्रांनाही विनंती आहे. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेलं मूल परत आलं, की "कुठं होता?" याआधी "काय राहिलं तुझं?" असं विचारा. शिक्षेनं ते आणखी दूर जाईल.

मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, मरणाची भाषा करू लागलं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीतूनही बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे.

आणि एक काम लगेच करा. शाळेनं तक्रारीसाठी बोलावण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात आई किंवा बाबा, कुणीही, आपणहून शाळेत जा. वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती सांगा आणि आपलं मूल कशात चांगलं आहे ते विचारा. जे ऐकाल, ते घरी येऊन मुलाला सांगा.