राखलेले अरण्य : अलास्काच्या प्रवासातून



चैत्रातल्या उकाड्यात बर्फाच्या गोष्टी सांगायला उभे राहणे वक्त्याला मोठे सोयीचे असते. भाषण कसेही झाले तरी श्रोते निदान गारव्याचे समाधान घेऊन घरी जातात. पण आज आम्ही एवढ्यावर आपली सुटका करून घेणार नाही. २०२४च्या जूनमध्ये आम्ही चार मित्र सपत्नीक अलास्काला जाऊन आलो. सात दिवस बोटीने आणि पाच दिवस आगगाडीने व बसने. कोणत्या दिवशी काय खाल्ले आणि कोणाला बोट लागली, हा तपशील आमच्या कुटुंबीयांनी यापूर्वीच पुरेसा सांगितला आहे. या प्रवासात एक प्रश्न आमच्या मागे लागला आणि घरी आल्यावरही सुटला नाही, तो आपल्यापुढे ठेवावा म्हणून आम्ही आलो. अरण्य राखायचे ते कोणासाठी, आणि कोणापासून?

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख करून घेऊ. १८६७ साली अमेरिकेने हा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरांना विकत घेतला. हिशेब केला तर एकराला दोन सेंट पडले. तरीही बर्फाचे पेटारे घेऊन बसलात म्हणून त्या वेळी सरकारची टिंगल झाली. १९५९ साली अलास्का हे अमेरिकेचे ४९वे राज्य झाले. आपल्या महाराष्ट्रासारखी साडेपाच राज्ये त्यात मावतील, आणि लोकवस्ती २०२०च्या शिरगणतीप्रमाणे सव्वासात लाखांच्या जरा वर! राजधानी जूनो, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. बोटीने जा, नाहीतर विमानाने.

आमची बोट व्हँकुव्हरहून निघाली. पुढची वाट बेटांच्या आडोशाने जाते. महासागराच्या लाटा बेटांवर फुटतात आणि आत पाणी खाडीसारखे संथ राहते. दोन्ही काठांना डोंगर उतरणीपासून पाण्यापर्यंत स्प्रूस आणि हेमलॉकच्या झाडांनी गच्च भरलेले. केचिकान या पहिल्याच बंदरात पाऊस लागला. तिथे वर्षाला सुमारे १४० ते १५० इंच पाऊस पडतो. आमच्यातल्या एकांचे बालपण महाबळेश्वरला गेलेले, ते म्हणाले, "हा पाऊस आमच्या पावसाचा धाकटा भाऊ दिसतो." आणि छत्री मिटून चालू लागले.

या अरण्याचे एक गुपित तिथे समजले. सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत येऊन मरतो. अस्वले तो उचलून झाडीत नेतात, अर्धामुर्धा खाऊन टाकून देतात, आणि त्याचे खत झाडांना मिळते. म्हणजे समुद्र मत्स्यरूपाने डोंगर चढतो. या साखळीतली एक कडी काढली तर बाकीच्यांचे काय होईल, हे सांगायला पंडित लागत नाही.

पुढे स्कॅगवे बंदरात माणसाच्या हावेचा इतिहास भेटतो. १८९६ साली कॅनडातील क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोने सापडले. पुढच्या दोन वर्षांत सुमारे एक लाख माणसे तिकडे धावत सुटली, त्यांतली तीस-चाळीस हजारच पोहोचली, आणि सोने हाती लागले ते मूठभरांच्या. व्हाइट पासच्या खिंडीत सुमारे तीन हजार घोडे ओझ्याखाली मेले. त्या वाटेला नावच 'मेल्या घोड्यांची वाट' असे पडले. मग १८९८ ते १९०० या काळात रेल्वे बांधली गेली. आपल्या माथेरानच्या गाडीसारखीच तीही अरुंद रुळांची. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. रेल्वे पुरी झाली तोवर सोन्याचा पूर ओसरला होता. आज ती फक्त आमच्यासारख्या प्रवाशांना नेते. खिडकीतून जुनी वाट दाखवतात तेव्हा डब्यात क्षणभर कोणी बोलत नाही.

आता ज्या ठिकाणी आमचा प्रश्न उभा राहिला तिथे येऊ. ते ठिकाण म्हणजे ग्लेशियर बे, हिमनद्यांचा उपसागर. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे तिथे आली तेव्हा उपसागराच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ साली जॉन म्यूर त्लिंगित वाटाड्यांच्या होडीतून आला, तोवर ती भिंत चाळीस मैलांहून अधिक मागे सरकली होती. आज आत शिरलेल्या बोटीला साठ-पासष्ट मैल जावे लागते. या माघारीचा पहिला मोठा भाग निसर्गाच्या एका जुन्या थंड कालखंडाच्या शेवटी घडला, हे लक्षात ठेवले पाहिजे. सारे खापर कारखान्यांच्या धुरावर फोडणे खरे होणार नाही. बर्फ उठून गेल्यावर उघड्या खडकावर जीव कसा परततो, याचा अभ्यास कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६पासून तिथे केला. आधी शेवाळ, मग जमिनीलगतची ड्रायसची झुडपे, मग मातीला नत्र देणारी आल्डरची झाडी, आणि शेवटी स्प्रूसचे अरण्य. तोंडाकडून आत जाताना हाच चित्रपट उलटा फिरतो. सकाळी दाट जंगल, दुपारी नागडा दगड. या शास्त्रज्ञांच्याच आग्रहाने १९२५ साली हा प्रदेश राखीव झाला आणि १९८०मध्ये राष्ट्रीय उद्यान.

मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. रुंदी मैलभर, पाण्यावर उंची सुमारे अडीचशे फूट. जुन्या दडपलेल्या बर्फाचा रंग निळा. एकाएकी कडा सुटला. आधी बर्फ पडताना दिसला, आवाज मागून आला. या आवाजाला त्लिंगित लोक 'पांढरा गडगडाट' म्हणतात, आणि दुसरा शब्द आम्हालाही सुचला नाही.

या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी बोटी सोडतात. त्यातही शेजारच्या जॉन्स हॉपकिन्सच्या खाडीत मे ते ऑगस्ट मोठ्या बोटींना मज्जाव असतो, कारण तिथे तरंगत्या बर्फावर सील माद्या पिलांना जन्म देतात. बोटीवर आलेल्या उद्यानाच्या अधिकाऱ्याने हे सांगताच आमच्यातल्या एका मित्राने नाराजी दाखवली. "एवढे पैसे मोजून आलो आणि दार बंद?" त्यावर एक वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बाळंतिणीच्या खोलीत पाहुणे सोडतात का?" वाद तिथेच मिटला.

तो वाद मिटला. पण आमच्यातले दुसरे मित्र वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वेगळाच प्रश्न काढला. "सीलसाठी पाहुण्यांना दार बंद केले, हे योग्यच. पण घरमालकांना कोणी बंद केले होते, हे विचारा."

आणि तो इतिहास आम्हाला त्या बोटीवरच कळला. बर्फ वाढण्यापूर्वी हूना त्लिंगित लोकांची गावे याच उपसागरात होती. १७५०च्या सुमारास हिमनदी चाल करून आली, तेव्हा ते घरेदारे सोडून बाहेर पडले आणि पुढे हूना गावी वसले. बर्फ मागे गेल्यावर ते मासे, सील आणि समुद्रपक्ष्यांची अंडी यांसाठी पुन्हा येऊ लागले. मग प्रदेश राखीव झाला, आणि हळूहळू सरकारी नियमांनी त्यांचीच वाट अडवली. अंडी वेचण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. घरट्यात एक-दोन अंडी असतील तर घ्यायची, कारण मादी पुन्हा घालते. तीन असली तर हात लावायचा नाही, कारण ती उबवायला बसलेली असते. हे शहाणपण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांना चोर ठरवून अरण्य राखले जात होते! अखेर २०१४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून अंडी वेचण्याची वाट मोकळी केली, आणि २०१६मध्ये उपसागराच्या तोंडाशी बार्टलेट कोव्ह येथे त्यांचे सामायिक घर उभे राहिले. म्हणजे हिमनदीने घालवले त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी.

तिथून बोट व्हिटियरला लागली, आणि पुढे आगगाडीने आम्ही डेनाली उद्यानात गेलो. साठ लाख एकरांच्या या उद्यानात रस्ता एकच, ९२ मैलांचा. खाजगी मोटारींना पहिले पंधरा मैल मोकळे. पुढे ठरलेल्या बसनेच जायचे. त्यामुळे मूसची मादी पिलासह रस्त्यावर आली की बस थांबते आणि चाळीस माणसे श्वास रोखून बसतात. २०,३१० फुटांचे शिखर दहांपैकी तिघांनाच दिसते म्हणतात. आम्ही सात जणांत पडलो. या शिखरावर पहिले पाऊल १९१३ साली वॉल्टर हार्परचे पडले. त्याची आई तिथल्या अथाबास्कन लोकांतली. शिखराचे सरकारी नाव मात्र १९१७पासून मॅकिन्ली, २०१५मध्ये डेनाली, आणि २०२५मध्ये पुन्हा मॅकिन्ली! उद्यानाचे नाव डेनालीच राहिले, आणि स्थानिकांच्या तोंडीही तेच आहे.

बस ४३व्या मैलापाशी थांबली. २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथला डोंगर सरकू लागला म्हणून पुढचा रस्ता बंद झाला. जमिनीखाली हजारो वर्षे गोठलेली माती वितळते आहे, हे त्याचे कारण. जूनोजवळही तेच. मेंडेनहॉल हिमनदीमागे साठलेले पाणी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे ऑगस्टमध्ये फुटून खाली आले. पहिल्या वर्षी नदीकाठची घरे पाण्यात कोसळली. ही वितळण निसर्गाच्या जुन्या चालीने होणारी नाही. तीत माणसाच्या धुराचा हात आहे.

बंधुभगिनींनो, आमचा प्रश्न इथे नवे वळण घेतो. दोनच बोटी, एकच रस्ता, सीलची बंद खाडी; राखणदारीचे हे नियम आम्हाला मनापासून पटले. परंतु कुंपणावरून धूर येतो, त्याला परवाना लागत नाही. ज्या विमानाने आम्ही गेलो त्याचाही धूर त्यात आहे, आणि इथल्या कोळशाच्या चुलाण्यांचाही. त्यामुळे अलास्काचे अरण्य अमेरिकेचे, आपण केवळ पाहुणे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

आपल्या सह्याद्रीत देवराया आहेत. तिथे वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा नियम गावाने स्वतःच घालून घेतला आणि स्वतःच पाळला. राखणारे आणि राहणारे तिथे एकच होते. जिथे त्यांची ताटातूट झाली तिथे हूनांसारखा अन्याय घडला, आणि तो निस्तरायला दोन पिढ्या गेल्या. अलीकडे आपल्याकडेही अभयारण्यांच्या सीमेवरच्या गावांचे प्रश्न निघतात, तेव्हा एका बाजूला वाघ आणि दुसऱ्या बाजूला माणूस असा सामना लावून देणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे, की त्या तिसऱ्या अंड्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना आधी बोलावून घ्या, आणि नियम मग लिहा.