उकळी फुटली, पण डाळ शिजली का?

श्रोतेहो, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पण ते समुद्रसपाटीवर. पृथ्वी हवेला आपल्याकडे ओढते आणि त्या हवेचा भार पाण्यावर पडतो. वाफेचा दाब त्या भाराइतका झाला की उकळी फुटते. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून भारही कमी. सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. जाळ कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही, नुसतं लवकर आटतं. डाळ शिजता शिजत नाही. कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो, म्हणून तिथे तो लागतोच. तिकडे निघालेल्यांना मी एवढंच सांगेन: पिण्याचं पाणी उकळी फुटताच उतरवू नका, पुढे तीन मिनिटं खळखळू द्या.