पंप बंद करण्याआधी
(खाण-सर्वेक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



भाषणाचा विषय कोणता, असं कार्यवाहांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाण्याने भरलेल्या बंद खाणींत कॅमेरा लावलेला रोबो उतरवतात, त्याबद्दल बोलेन. पलीकडून क्षणभर काही आवाज नाही. मग ते म्हणाले, "साहेब, हा पाणबुड्यांचा विषय झाला. आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो चांगलाच जुना आहे.

२७ डिसेंबर १९७५. धनबादजवळची चासनाला. जुन्या वर्किंगमध्ये साठलेलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. १३ नोव्हेंबर १९८९. राणीगंज भागातली महावीर कोलियरी. पुन्हा जुन्या वर्किंगचं पाणी. एकाहत्तर जण आत अडकले, सहा बुडाले, आणि उरलेल्या पासष्टांना जसवंतसिंग गिल यांनी बोअरहोलमधून पोलादी कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढलं. या प्रसंगावर अलीकडे सिनेमाही निघाला, त्यामुळे आता तो घराघरात माहीत आहे. २ फेब्रुवारी २००१ ला झरियातल्या बागडिगीत एकोणतीस जण गेले. त्यावर सिनेमा निघाला नाही.

या तिन्ही ठिकाणी नदी फुटली नव्हती की आभाळ कोसळलं नव्हतं. माणसानेच खणून सोडून दिलेल्या पोकळीत ते पाणी वर्षानुवर्षं बसलेलं होतं. पोकळी कुठे संपते हे सांगण्याचं काम ज्या कागदावर सोपवलेलं असतं, तो कागद आपण काढतो. म्हणून हा विषय आपला.

कायदा याबाबतीत आळशी नाही. पाणी असण्याची शक्यता असलेल्या जुन्या वर्किंगपासून ६० मीटरच्या आत काम न्यायचं असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि पुढे बोअर मारत मारतच फेस, म्हणजे खणायची भिंत, सरकवावा लागतो. नियम उत्तम आहे. पण हे ६० मीटर मोजायचे कुठून? अर्थात जुन्या प्लॅनवरून.

जुना प्लॅन इथे प्रत्येकाने हाताळलेला आहे. ट्रेसिंग क्लॉथ, घड्यांवर तडकलेलं. गॅलऱ्या काळ्या शाईत, पिलर कोरे, डिपिलरिंग झालेला, म्हणजे पिलरही काढून घेतलेला भाग तिरप्या रेघांनी भरलेला. एका बाजूला मात्र गॅलऱ्यांची तोंडं उघडीच असतात. रेघा पुढे जाऊन नुसत्याच थांबतात, त्यांना आडवी रेघ मारून बंद केलेलं नसतं. म्हणजे सर्व्हेअर शेवटचा आला त्या दिवशी फेस तिथे होता. तो गेल्यावर किती महिने कोळसा निघत राहिला, किती पिलर कोरले गेले, हे त्या कापडावर नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खासगी खाणींत कोळशाच्या टनाला पैसा होता, मोजमापाला नव्हता. खाण तोट्यात जाऊन बंद पडायच्या बेतात असताना सर्व्हेअर कोण बोलावणार? त्यात भर म्हणजे यांतले कित्येक प्लॅन होकायंत्रावर काढलेले. चुंबकीय उत्तर जागची हलत राहते. तो प्लॅन आजच्या ग्रिडवर बसवताना नुसता अर्ध्या अंशाचा घोळ राहिला, तरी किलोमीटरभर लांबीवर जवळजवळ नऊ मीटरचा फरक पडतो. साठातले नऊ तिथेच गेले.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या क्वीक्रीक खाणीत २४ जुलै २००२ च्या रात्री शेजारच्या बंद खाणीचं पाणी घुसलं. प्लॅननुसार ती बंद खाण अजून बरीच लांब होती. नऊ कामगार अडकले आणि चौथ्या दिवशी नऊच्या नऊ जिवंत बाहेर आले. त्या बंद खाणीचा शेवटचा पूर्ण नकाशा नंतर सापडला तो कोळसा-वारशाच्या एका संग्रहालयात. सरकारी दप्तरात नाही, संग्रहालयात.

आता रोबोकडे येतो. युरोपीय संघाच्या पैशातून २०१६ ते २०१९ या काळात 'युनेक्समिन' नावाचा प्रकल्प झाला. समन्वय हंगेरीतल्या मिश्कोल्त्स विद्यापीठाचा. त्यांनी यूएक्स-१ नावाचा रोबो बनवला आणि तो फिनलंडमधली काटियाला, स्लोव्हेनियातली इद्रिया ही पाऱ्याची खाण, पोर्तुगालमधली उर्जेरिसा ही युरेनियमची खाण आणि इंग्लंडमधली एक्टन इथे पाण्यात उतरवला. एक्टनच्या तांब्याने अठराव्या शतकात डेव्हनशायरच्या ड्यूकची तिजोरी भरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथले पंप थांबले आणि खालचे मजले पाण्यात गेले. त्यानंतर तिथे खाली कोणी काही मोजलं असेल तर ते या यंत्राने.

यंत्र गोल आहे. व्यास साठ सेंटिमीटर, वजन शंभर किलोंच्या थोडं वर, ५०० मीटर खोलीचा दाब सोसेल अशा बेताचं. गोल अशासाठी की जुन्या लाकडी टेकूला, लोंबत्या पाइपाला अडकेल असा कोपराच त्याला नको. नाक वर किंवा खाली करायचं झालं तर पोटातला लंबक झुकतो, पंख्यांना जोर लावावा लागत नाही. हे मला फार आवडलं. कारण पंख्यांनी जोर लावला की तळाचा गाळ उठतो, आणि एकदा गाळ उठला की त्या फेरीचं काम संपलं.

वर्तमानपत्रं कॅमेऱ्याने काढलेली चित्रं छापतात, ते साहजिक आहे. पण आपल्या कामाच्या दृष्टीने कॅमेरा हा त्या यंत्राचा सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. कोळसा खाणीच्या पाण्यात लोह असतं. ते गंजून त्याची पिवळट-तांबूस साय भिंतींवर, छतावर, तळाला बसते. यंत्र जवळ गेलं की ती पापुद्र्यापापुद्र्याने सुटते, दिव्याच्या झोतात तरंगायला लागते, आणि पडद्यावर तांबड्या ठिपक्यांशिवाय काही उरत नाही. अशा पाण्यात खरं काम करतो तो सोनार, आणि पाणी जरा निवळ असेल तिथे भिंतीवर लेझरची रेघ टाकून घेतलेलं मोजमाप.

आणि मोजमाप म्हटलं की प्रश्न तोच, आपल्या रोजच्या ओळखीचा: मी आत्ता कुठे आहे? पाण्याखाली जीपीएस नाही, रेडिओ नाही. रोबो तळाकडे ध्वनिलहरी सोडून आपला वेग काढतो, जायरोवरून दिशा काढतो आणि पावलापावलाने बेरीज करत जातो. बेरजेत चूक साचत जाते. मग तो आधी पाहिलेल्या जागी परत आला की जुनं आणि नवं मोजमाप जुळवून साचलेली चूक मागे वाटून देतो. रोबोवाली मंडळी याला लूप क्लोजर म्हणतात. आपण हेच थिओडोलाइट घेऊन करत आलो: ट्रॅव्हर्स निघाला त्या स्टेशनवर आणून बंद करायचा आणि क्लोजिंग एरर वाटायची. तेव्हा तरुण मित्रांनो, कोणी विक्रेता तुम्हाला रंगीत त्रिमितीय चित्र दाखवायला लागला तर त्याला एकच विचारा, क्लोजिंग एरर किती? आणि ते चित्र जमिनीवरच्या कंट्रोल पॉइंटला कशाने बांधलंय? शाफ्टमध्ये दोन तारा सोडून वरची दिशा खाली नेण्याचं जुनं काम कोणीतरी केलेलंच असावं लागतं. ते झालेलं नसेल तर हातात चित्रपट आहे, प्लॅन नाही.

आपल्या देशात बुडालेल्या खाणीत रोबो गेला हे लोकांना कळलं ते वेगळ्याच कारणाने. १३ डिसेंबर २०१८. मेघालयातल्या पूर्व जैंतिया हिल्समधलं क्सान. रॅट-होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणी, खणायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच बंदी घातलेली होती, तरी ते चालू होतं. खाणीत पाणी भरलं आणि पंधरा जण अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले. किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ त्याच वर्षी थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेतून मुलांना काढण्याच्या कामाला गेले होते. क्सानलाही त्यांचे पंप लागले, कोल इंडियाचेही लागले. पंप चालत राहिले आणि पाणी हटायला तयार नव्हतं. कारण आजूबाजूला सोडून दिलेल्या खाणींचं जाळं होतं, ती आतून एकमेकींना मिळालेली होती, आणि कोणती कोणाला कुठे मिळते याचा कसलाही प्लॅन अस्तित्वात नव्हता. एका खाणीचं पाणी उपसतोय असं समजून तिथली माणसं सगळ्या डोंगराचं पाणी उपसत होती.

नौदलाच्या आरओव्हीला, म्हणजे वरून चालवायच्या पाण्याखालच्या रोबोला, पहिला मृतदेह दिसला तो जानेवारी २०१९ च्या मध्याला, म्हणजे सुमारे पाच आठवड्यांनी. शेवटी दोनच देह बाहेर आले. जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यात उमरांगसोला तसंच पाणी भरलं, नऊ जण अडकले आणि पुन्हा नौदलाला बोलावणं गेलं.

मला या यंत्रांचं कौतुक आहे. पण आपण त्यांना प्रेतं शोधायला बोलावतो. युरोपने ती मोजायला पाठवली. हा फरक पैशाचा आहे असं मला वाटत नाही. मोजणी हा दुर्घटनेच्या आधीचा खर्च आहे, आणि आधीच्या खर्चाच्या फाइलवर सही मिळवणं किती अवघड असतं, हे या सभागृहात मी कोणाला सांगावं?

आता थोडं विदर्भाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसच्या अमराई वॉर्डातलं एक घर अख्खं जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली, आणि आसपासच्या कुटुंबांना तिथून हलवावं लागलं. चंद्रपूर शहराच्याच पोटात कितीतरी भूमिगत कामं झालेली आहेत. पाणी भरलेलं असताना ते छताला थोडाफार आधार देतं. पातळी वरखाली व्हायला लागली की पिलरच्या कडा सुटतात. त्या पोकळीची आजची उंची किती, पिलर उभे आहेत की नाहीत, हे वर राहणाऱ्या माणसाला कळायला हवं, आणि आज ते प्लॅनवर बोट ठेवून सांगता येत नाही.

मग यूएक्स-१ सारखा रोबो चंद्रपुरात सोडावा का? माझं मत: बहुतेक ठिकाणी नको. आपली बोर्ड अँड पिलरची खाण म्हणजे दर वीस-तीस मीटरवर काटकोनातला चौक. केबल लावलेलं यंत्र दोन-चार वळणं घेतं न घेतं तोच केबल कोपऱ्यांवर हॉलेजच्या दोरासारखी घासायला लागते. बिनकेबलचं सोडलं तर ते परत येईलच अशी खात्री देणारा मला अजून भेटलेला नाही. शाफ्ट भरून टाकलेले, इन्क्लाइनच्या तोंडावर भिंती बांधलेल्या. साठ सेंटिमीटरचं यंत्र शिरणार कुठून? शिवाय पाण्याच्या वर, छताखाली, मिथेन साठलेला असू शकतो. बॅटरीवर चालणारं कोणतंही यंत्र तिथे न्यायचं तर त्याला मंजुरी हवी, आणि ती असायलाच हवी. अशा ठिकाणी बोअर मारून त्यातून सोनार खाली सोडणं स्वस्त पडतं. तो फिरत फिरत भोवतालची पोकळी मोजतो. चार बोअर जोडले की जुन्या प्लॅनवरची उघडी तोंडं कुठे बंद होतात ते दिसायला लागतं. बोअरची जागा आपल्या हातात, म्हणजे प्रत्येक मोजमाप जमिनीवरच्या कंट्रोलला थेट बांधलेलं. उघडे राहिलेले खोल शाफ्ट, मँगनीजच्या जुन्या खाणी, दगड पक्का आणि पाणी निवळ असेल अशा जागा, तिथे रोबो जरूर उतरवा. गोव्यात लोहखनिजाचे पाण्याने भरलेले उघडे पिट आहेत. त्यांना यातलं काही लागत नाही, होडी आणि साधा इको-साउंडर पुरतो.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ज्या खाणी अजून बुडालेल्या नाहीत त्यांच्याबद्दल. येत्या काही वर्षांत अनेक भूमिगत खाणी बंद होणार आहेत. त्यांतल्या गॅलऱ्यांतून आज माणूस चालत जाऊ शकतो. हातात धरायचा लेझर स्कॅनर घेऊन दोन सर्व्हेअर आणि एक मायनिंग सरदार काही आठवड्यांत आख्खी खाण मोजून देतील. ज्या दिवशी सम्पवरचा, म्हणजे पाणी जमवायच्या खड्ड्यावरचा पंप बंद होतो, त्या दिवसानंतर तेच काम करायला बोअर, सोनार, रोबो, नौदल, यांतलं काहीतरी लागणार आणि उत्तरही अर्धवट मिळणार. म्हणून या परिषदेने एक ठराव करावा अशी माझी विनंती आहे: शेवटचा त्रिमितीय सर्व्हे पुरा होऊन त्याची क्लोजिंग एरर नोंदवल्याशिवाय कोणत्याही भूमिगत खाणीचा पंप बंद करण्याची परवानगी मिळू नये. यंत्रसामग्री वर काढण्याची घाई सगळ्यांना असते, कारण तिला भंगारात तरी किंमत येते. सर्व्हेला भंगारात किंमत नाही, म्हणून तो ठरावातच बांधून घ्यावा लागेल. ठरावाचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. उद्या खुल्या अधिवेशनात तो येईल तेव्हा त्यावर जोरदार चर्चा करा. विशेषतः डिपिलरिंग झालेल्या गोफमध्ये, म्हणजे छत कोसळलेल्या पोकळीत, माणूस जाऊ शकत नाही, तिथे काय करायचं, हे मसुद्यात कच्चं आहे.

आणि एक व्यवहाराची सूचना. आपल्यातले कितीतरी जण निवृत्त होताना जुन्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या घरी घेऊन गेले, कारण ऑफिसात त्यांची रद्दी होणार होती. कोणी कोणाला काही विचारणार नाही. पहिल्या मजल्यावर, नोंदणीच्या टेबलाशेजारी मोठा स्कॅनर आणून ठेवलाय, तो उद्या संध्याकाळी सहापर्यंत चालू राहील. कापड तुमच्यासमोर स्कॅन होईल आणि तुमचं तुम्हाला लगेच परत मिळेल. खाणीचं नाव फाटलं असेल, तारीख नसेल, खाणीचा नुसता एखादा भाग, एखादा डिस्ट्रिक्टच, काढलेला असेल, तरी आणा. इथे गावातच ज्यांचं घर आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत जाऊन यायला हरकत नाही. पहिलं सत्र बरोबर अडीचला सुरू होईल.