तांबोळी : एका आडनावाची गोष्ट

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात नाव म्हणजे फॉर्मवरचे तीन रकाने : नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिसरा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही, एवढाच माझा आणि आडनावाचा संबंध होता. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या जातीच्या दाखल्यासाठी धावपळ करावी लागली, तेव्हा मी आमच्या आडनावाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आमचं आडनाव तांबोळी.

आधी अर्थ. तांबूल म्हणजे विड्याचं पान. तांबूल विकणारा तो संस्कृतात तांबूलिक, आणि त्याचाच मराठीत तांबोळी झाला. गुजरातीतही तांबोळी आहेत, बंगालमध्ये तांबुली आहेत. तांबूल हा शब्द मुळात संस्कृतचाही नसावा, असं भाषातज्ज्ञ मानतात. पूर्वेकडच्या, आग्नेय आशियाशी नातं असलेल्या भाषांमधून तो संस्कृतात आला असावा. पुढे हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर अरबीत आणि फारसीत गेला. इब्न बतूता चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याने पानाच्या वेलीचं बारकाईने वर्णन केलं. पाहुण्याला पाच पानं मिळाली की जणू सगळं जग मिळालं असं इथले लोक मानतात, असं त्याने नोंदवलं आहे. पाच पानांचा विडा आपल्या महाराष्ट्रात आजही पूजेत, सुपारी फोडताना, पंगतीनंतर दिला जातो. आमच्या घरातल्या लग्नांतही पान लागतंच.

म्हणजे आडनाव मुसलमानाचं आणि शब्द संस्कृतातून आलेला. उलटही आहेच. फडणीस, पारसनीस, सराफ ही आडनावं फारसी-अरबीतून आली आणि ती लावणारी बहुतेक घरं हिंदू आहेत. अत्तार अरबीतून आला, बागवान फारसीतून, मणियार आपल्या मणिकारातून आणि पिंजारी कापूस पिंजण्यातून. यातल्या एकाही आडनावावरून माणसाचा धर्म ठरत नाही. त्याच्या पूर्वजांच्या हाताला कुठलं काम होतं, एवढंच त्यावरून कळतं.

ते काम गावगाड्यातलं होतं. बलुतेदारांमध्ये मुलाणी होता, अलुतेदारांच्या यादीत तांबोळी होता. लोकमान्य टिळकांना विरोधकांनी ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ म्हणून हिणवलं आणि टिळकांनी ते भूषण मानलं, हे आपण शाळेत वाचतो. मी ते वाचलं तेव्हा वर्गातली मुलं माझ्याकडे बघून हसली होती. हिणवायला तोच शब्द का सापडला, हे तेव्हा कळलं नाही. समाजाच्या उतरंडीत तांबोळी कुठे बसत होता, ते त्या एका शब्दात आहे.

आता दाखल्याची गोष्ट. तांबोळी ही जात महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येते. हाच धंदा करणाऱ्या मुसलमानांनाही ती सवलत मिळावी, यासाठी १९९०च्या दशकात आपल्या राज्यात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली. दिलीपकुमार यांच्यासारख्या माणसाने तिच्यासाठी सभा घेतल्या. त्या चळवळीमुळे कागदावर हक्क मिळाला, पण तो हातात पडायचा तर पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या नात्यातला पुरावा मागतात.

अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव निघालं ‘शेख’. जात : मुसलमान. अब्बांना विचारलं तर म्हणाले, “मास्तरांनी विचारलं, मुसलमान का? मी हो म्हटलं. त्यांनी शेख लिहिलं.” त्याच शाळेत माझे चुलते मात्र तांबोळी. सख्खे भाऊ, दोन आडनावं. आजोबांचा उतारा काढला. आडनाव तांबोळी, जात पुन्हा मुसलमान. खिडकीवरचे साहेब म्हणाले, “मुसलमान ही जात नाही, धर्म आहे.” बरोबर होतं त्यांचं. पण ते आमच्या आजोबांनी लिहिलं नव्हतं, सरकारी शाळेनेच लिहिलं होतं. ज्या चुकीत आमचा हात नव्हता, तिची किंमत बहिणीने भरायची होती. तिच्या प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती.

शेवटी तहसील कचेरीत जुनी कोतवाल बुकं निघाली, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्या मोडीत. मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी शोधले. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले आणि वाचलं. आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या जन्माची नोंद होती. वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं : तांबोळी, मुसलमान. दोन्ही शब्द, एका ओळीत. मोडीत लिहिलेल्या त्या ओळीवर माझ्या बहिणीचा दाखला उभा आहे. फुफूचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. लहानपणीच गेली होती ती.

अब्बांना मास्तरांनी शेख केलं. पण आपल्यातले कितीतरी लोक स्वतःहून शेख झालेत, आणि हे आपण आपसात बोलायला हवं. शेख म्हणजे अरबीत वडीलधारा, मानाचा माणूस. आज मुसलमानांमध्ये हे आडनाव इतकं आढळतं, त्याचं एक कारण हेच की धंद्याचं आडनाव टाकून ते लावता येतं. एक जुनी म्हण आहे : गेल्या साली विणकर होतो, यंदा शेख झालो, पुढच्या साली धान्याला भाव आला तर सय्यद होईन. इस्लाममध्ये जात नाही असं आपण व्यासपीठावरून म्हणतो. मग माझ्या एका चुलतबहिणीचं ठरत आलेलं लग्न ‘पानवाल्यांच्यात द्यायची नाही’ म्हणून का मोडलं? समोरचे लोक पाच वेळचे नमाजी होते.

दुसरी बाजूही सांगतो. पुण्यात घर शोधताना मी फोनवर आडनाव सांगायचो, तांबोळी. एजंट म्हणायचा, या, लगेच बघा. चावी घेताना पहिलं नाव विचारायचा आणि घर ‘कालच गेलेलं’ असायचं. असं चार वेळा झालं. आडनावावर होकार आणि नावावर नकार. कोणी मला सुचवलं, बायकोला बोलायला लाव, तिचं नाव चालून जाईल. आम्ही तसं केलं नाही. पाचव्या घराला आधीच पूर्ण नाव सांगितलं. मालकीणबाई म्हणाल्या, “भाडं पाच तारखेच्या आत द्याल ना?” आम्ही अजून तिथेच राहतो.

आमचे आजोबा आठवडी बाजारात पान विकायचे. मिरजेच्या पूर्वेकडच्या गावांतून पानं यायची. रोज संध्याकाळी ते ओलं फडकं बाजूला करायचे, एकेक पान उलटसुलट करून बघायचे, डागाळलेलं काढून टाकायचे. लहानपणी ते आम्हाला कोडं घालायचे : भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. हे कोडं तुम्हालाही ठाऊक असेल.

आडनावाचंही तसंच आहे. दाबून ठेवलं, लाजेने झाकलं की ते आतून सडतं. त्याचा उगीच अभिमानही मला नको आहे. मी पान विकत नाही, माझी मुलगी काय करेल ते ती ठरवेल. पण ते कुठून आलं हे तिला माहीत असावं, आणि ज्या हक्काला ती पात्र आहे त्याचा कागद तिच्या हातात असावा.

म्हणून एक काम देतो. घरी गेलात की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. नावं लिहून घ्या, बायकांचीही. आजोबांच्या शाळेचा उतारा काढा, तहसीलमध्ये कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करा. जुने कागद दर वर्षी विरत चाललेत. आणि शाळेत मुलांचं नाव घालताना समोरचा काय लिहितो ते तिथेच, उभं राहून, वाचून बघा. अब्बांच्या वेळी ते कोणी वाचलं नव्हतं.