बट आतून वाळली पाहिजे

(मराठवाड्यातल्या चकलांबा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



केस कुरळे करायच्या रोलरविषयी मी आज बोलणार आहे. बट त्याच्यावर गुंडाळल्यावर ती लवकर वाळावी, यासाठी तो रोलर कसा घडवावा, एवढाच माझा विषय. विषय लहान आहे, पण त्यात पुष्कळ शास्त्र आहे आणि कुणाच्या तरी पोटापाण्याचा प्रश्नही आहे.

सध्या लग्नसराई चालू आहे. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांतली लग्नं याच दिवसांत लागतात. पूर्वी नवरीला घरातलीच कुणी आत्या-मावशी नटवायची. आता गावातल्या पार्लरवाल्या ताईला बोलावणं जातं. मुहूर्त ठरलेला असतो. नवरीचे केस धुतलेले, वीस-बावीस रोलर लावलेले, आणि नेमकी लाइट जाते. ड्रायर बंद. केस अर्धे ओले असतानाच रोलर सोडावे लागतात आणि वरात निघेपर्यंत बट सरळ होऊन खांद्यावर लोंबायला लागते. दोष त्या ताईच्या हाताला दिला जातो. माझं म्हणणं असं की दोष बहुतेक वेळा रोलरचा असतो. तो बट बाहेरून वाळवतो, आतून वाळवत नाही.

आधी केसाकडे पाहू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातल्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवतात. गंधकाचे बंध पक्के असतात, ते तोडायला रसायन लागतं, पर्म करताना तेच करतात. हायड्रोजनचे बंध कच्चे असतात, नुसत्या पाण्याने सुटतात. ओला केस गोल गुंडाळून ठेवला की वाळताना हे कच्चे बंध नव्या जागी जुळतात आणि केस तो आकार धरतो. म्हणजे कुरळेपणा येतो तो वाळण्याच्या क्रियेत येतो. जिथे ओल राहिली तिथे बंध जुळलेच नाहीत, तिथली बट सुटणारच.

केस किती पाणी पितो? पुरता भिजला की आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी तो अंगात मुरवतो आणि जाडीला 14-15 टक्क्यांनी फुगतो. केसांच्या मधे आणि वर जे पाणी चिकटून राहतं ते वेगळं. हे वरचं पाणी पटकन उडतं. अंगात मुरलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. आणि पुरता कोरडा केस कधी नसतोच. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर हाताला कोरडा लागणारा केसही सुमारे 13 टक्के पाणी बाळगून असतो, 30 टक्के आर्द्रतेला हा आकडा साधारण निम्म्यावर येतो. मुंबईत बसवलेली बट मे महिन्यात तासाभरात का ढिली पडते, हे यावरून कळेल. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. ज्या कोरड्या हवेला आपण एरवी बोल लावतो, ती या कामात आपली मोठी पुंजी आहे. मुंबईच्या दुकानातला रोलर जसाच्या तसा आणून वापरण्यापेक्षा ही हवा वापरणारा रोलर आपण घडवला पाहिजे.

आता एक हिशेब करू. समजा टॉवेलने टिपून घेतल्यावर डोक्यात 50 ग्रॅम पाणी उरलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 2,400 ज्यूल उष्णता लागते. म्हणजे झाले 120 किलोज्यूल. 1000 वॅटचा ड्रायर एवढी उष्णता दोन मिनिटांत ओकतो. मग केस वाळायला पंधरा-वीस मिनिटं का लागतात? कारण बहुतेक गरम हवा केसांवरून निघून जाते, पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मी म्हणतो, उष्णता कमी पडत नाही, वाट कमी पडते. नवा रोलर घडवायचा म्हणजे हवेला वाट करून द्यायची.

बट गुंडाळताना काय होतं ते जरा जवळून पाहा. ताई रोलरच्या लांबीइतकीच रुंद बट घेते, शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून ती वेगळी काढते, ताणून विंचरते. मग टोक आधी रोलरवर ठेवते आणि डोक्याकडे गुंडाळत आणते. शेवटी चिमटा लावते. म्हणजे बटेचं टोक सगळ्यांत आत जातं आणि त्याच्यावर केसांचे थर चढतात. केस 45 सेंटिमीटर लांब आणि रोलर 2 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर सात वेढे बसतात. 4 सेंटिमीटरच्या रोलरवर साडेतीनच बसतात. आता गंमत अशी की घट्ट कुरळी बट हवी तर रोलर बारीक हवा, आणि रोलर बारीक घेतला की थर वाढतात. आणि जे टोक सगळ्यांत जास्त कुरळं व्हायला हवं तेच सगळ्यांत आत, सगळ्यांत ओलं राहतं. वरून हात लावला तर बट कोरडी लागते, ताई फसते आणि रोलर सोडते.

ओल थरातून पाझरत बाहेर येते तेव्हा लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. हेच उलट वाचा. थराला एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंनी हवा लागली तर ओलीला निम्मंच अंतर चालावं लागतं, म्हणजे हिशेबाने वेळ चौथाईवर येतो. प्रत्यक्षात इतका येत नाही, पण फरक मोठा पडतो. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कांदाचाळ बांधताना तळ जमिनीपासून उचललेला ठेवतात, बाजूंना बांबूच्या फटी ठेवतात आणि रुंदी साधारण चार फुटांच्या पुढे जाऊ देत नाहीत, कारण मधल्या कांद्याला वारा लागला नाही तर तो सडतो. रोलरच्या पोटातलं टोक म्हणजे चाळीतला मधला कांदाच. त्याला खालून वारा लागला पाहिजे.

आपल्या घरांतून ही अक्कल जुनी आहे. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि धूप, वर उपडी टोपली आणि टोपलीवर पसरलेले केस, ही धुरी इथल्या जुन्या बायांना आठवत असेल. टोपलीच्या विणीतून ऊब खालून वर येते आणि केस पातळ पसरलेले असतात. पातळ थर आणि आतून हवा, दोन्ही तत्त्वं त्यात आली. ज्या सुईणीने हे पहिल्यांदा केलं तिला मी अभियंताच मानतो.

बाजारातले रोलर या कसोटीवर लावून पाहू. गुळगुळीत प्लॅस्टिकची नळी, तुरळक भोकं पाडलेली, हा सगळ्यांत वाईट. स्पंजचा रोलर डोक्याला मऊ लागतो, रात्री लावून झोपता येतं, पण तो स्वतःच पाणी धरून बसतो. वेल्क्रोच्या काट्यांचा रोलर चिमट्याशिवाय बसतो खरा, पण ओल्या लांब केसांत गुंतला की केस तोडूनच निघतो, तो जवळजवळ वाळलेल्या केसांसाठी ठीक. तारेच्या जाळीचा जुना रोलर वाळवण्यात यांच्यापेक्षा सरस होता.

मग नवा रोलर कसा असावा? माझ्या मते तो आडवा न घेता उभा, लांब घ्यावा आणि बट थरावर थर न चढवता जिन्यासारखी फिरत खाली उतरवावी. स्पायरल पर्म करणाऱ्यांना ही पद्धत माहीत आहे. एक सेंटिमीटर रुंदीची बट घेतली तर 2 सेंटिमीटरच्या नळीवर तिचे सात वेढे सात-आठ सेंटिमीटर लांबीत शेजारी शेजारी बसतात, एकावर एक चढत नाहीत. टोक आणि मूळ दोघांना सारखीच हवा मिळते. वेढे सरकू नयेत म्हणून नळीवर फिरती खाच असावी आणि भोकं त्या खाचेच्या तळाशी असावीत, इतकी की पत्र्यापेक्षा मोकळी जागा जास्त व्हावी. दोन्ही तोंडं उघडी. टोपण नाही, झाकण नाही, चिमटा तोंडावर येणार नाही अशी जागा. उभा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पाणी उडताना आसपासची हवा गार होते, गार झालेली हवा जड होते आणि खाली उतरते. नळी उभी असेल तर ओली हवा खालून निघून जाते आणि वरून कोरडी आत येते. पंखा नसला तरी हे चालू राहतं.

धातू कोणता? ॲल्युमिनियम. प्लॅस्टिकपेक्षा ते हजारपट चांगलं उष्णता वाहून नेतं. बाहेरच्या चाळीस अंशांच्या हवेतली ऊब ते वेढ्यांच्या खाली, केसाला चिकटून पोचवतं. मराठवाड्यातून पुढे आलेले वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाज्या वाळवायला जो सौर वाळवणी-यंत्राचा प्रकार काढला, त्यात नुसत्या गरम हवेवर न विसंबता तापलेल्या पृष्ठभागाचा स्पर्शही कामाला लावला आहे. त्यांच्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीजला 2023 चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला आणि ती यंत्रं आज आपल्या भागातल्या शेतकरी बायका चालवतात. तोच धडा बोटभर नळीत वापरता येईल. फक्त भोकांच्या कडा आत वळवलेल्या आणि घासलेल्या हव्यात, नाहीतर केस चिरले जातील. टोकापाशी धुतलेल्या मलमलीची छोटी पट्टी गुंडाळावी, ती टोकाची ओल ओढून घेते. प्रत्येक नवरीला नवी पट्टी. कापसाच्या तालुक्यात मलमलीच्या पट्टीची अडचण पडू नये.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, तापता चिमटा लावला की काम झालं. ओल्या केसाला तापता चिमटा लावला तर आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, केसाच्या पोटात बुडबुडे धरतात आणि तिथे तो तुटतो. पण केस तासन् तास ओला राहू देणंही बरं नाही. 2011 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी दाखवलं की ड्रायरची उष्णता जसजशी वाढते तसतसा केसाचा पृष्ठभाग खराब होतो, पण नुसत्या वाऱ्यावर वाळलेल्या केसांत आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा झाली होती. 15 सेंटिमीटरवरून, सतत हलवत फिरवलेला ड्रायर त्यापेक्षा बरा ठरला. म्हणजे कमी उष्णता आणि कमी वेळ दोन्ही हवं. ते हवेच्या वाटेनेच साधतं.

केस कुरळे करण्यासाठी माणसाने काय काय सोसलं आहे! 1906 मध्ये लंडनमध्ये कार्ल नेस्लर या जर्मन केशरचनाकाराने कायम टिकणाऱ्या कुरळ्या केसांचं प्रात्यक्षिक दाखवलं. सुरुवातीला तो गोमूत्र आणि पाण्याचं मिश्रण वापरी आणि पितळेचे जड, विजेवर तापणारे रोलर तासन् तास डोक्यावर ठेवी. पहिले प्रयोग त्याने बायकोच्या डोक्यावर केले आणि तिचे केस जाळले. पुढे शिकागोत मार्जरी जॉयनर नावाच्या कृष्णवर्णीय बाई पार्लर चालवत. भांड्यात मांस शिजवताना आत घालायच्या सळया पाहून त्यांना सुचलं की अशा अनेक सळया एकाच झाकणाला जोडल्या तर सगळ्या बटा एका वेळी होतील. 1928 मध्ये त्यांना त्या यंत्राचं पेटंट मिळालं. मात्र त्या मॅडम वॉकर यांच्या केशप्रसाधनांच्या कंपनीत नोकरीला होत्या, हक्क कंपनीकडे गेले आणि बाईंच्या हाती पैसा जवळजवळ आलाच नाही. या गोष्टीतला पहिला भाग मला जितका आवडतो तितकाच दुसरा भाग टोचतो. कारण सुचतं ते काम करणाऱ्या हाताला.

म्हणून पार्लरवाल्या ताईंना आणि आयटीआयत शिकणाऱ्या मुलींना माझी विनंती आहे. प्रयोग इथेच करता येतो. एक गंगावन घ्या, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. गंगावनाच्या सारख्या वजनाच्या बटा करा. कोरडं वजन लिहा, भिजवा, टिपा, वेगवेगळ्या रोलरवर गुंडाळा आणि दर दहा मिनिटांनी रोलरसकट वजन करा. ज्याचं वजन आधी उतरतं तो रोलर चांगला, मग दुकानदार काहीही सांगो. ऊन-सावली, पंखा, वेळ हे सगळं वहीत टिपून ठेवा. तारीख आणि सही घाला. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना सोबत घ्या, दहावीच्या मुलांचा याहून चांगला प्रकल्प नाही.

आणि काही नवं साधलं तर त्याचा व्हिडिओ लगेच टाकू नका, व्यापाऱ्याला नमुना देऊ नका. एकदा वस्तू जगजाहीर झाली की तिच्यावर पेटंट मिळणं अवघड होतं. आधी तात्पुरता अर्ज करा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात आणि एकट्या व्यक्तीला शुल्कात मोठी सवलत आहे. नुसता आकार नवा असेल तर डिझाइनची नोंदणी होते, ती 10 वर्षं चालते आणि पुढे 5 वर्षं वाढवता येते. गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान गावाकडच्या अशाच कल्पनांसाठी आहे, तिथे शिकलेला-अडाणी असा भेद नाही. अर्ज मात्र जिच्या हाताला सुचलं तिच्याच नावाने करा.