कष्ट तिचे, नाव कुणाचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला विषय दिला आहे, "महिलांचा रोजगार आणि उद्योग". आम्ही काही कॉलेजात शिकलेले वक्ते नाही. साच्यावर उभे राहून आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे समजले, तेवढेच बोलणार आहोत. चुकभूल द्यावी घ्यावी.

बरेच जण म्हणतात, आता बायका कामाला लागल्या. आम्ही विचारतो, त्या रिकाम्या बसल्या होत्या कधी? 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामगारांचा साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. वाइंडिंग, रिळिंग ही खाती तर त्यांच्याच हातावर चालत. बाळंतपण आले की मजुरी बुडायची. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि बाईच्या कामातून मालक फायदा घेतो तर त्यानेही भार उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 ला मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

पण मालकाचा हिशेब वेगळाच! बाईला बाळंतपणाचे पैसे द्या, रात्रपाळीला तिला तेव्हा कायद्याने ठेवता येत नसे, त्यात नवीन मशिनी आलेल्या. मग बाई नकोच. अशा रीतीने बायका गिरणीतून हळूहळू कमी होत गेल्या. यात कायद्याचा दोष आम्ही मानत नाही. बाईकडे खर्च म्हणून बघणाऱ्या नजरेचा तो दोष आहे. आणि बंधूंनो, खरे बोलायचे तर तेव्हा पुरुष कामगारांनी आणि त्यांच्या युनियननी या बायकांसाठी जेवढे भांडायला पाहिजे होते तेवढे ते भांडले नाहीत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या काळात कितीतरी घरांच्या चुली बायकांनी पेटत्या ठेवल्या. कोणी धुणीभांडी केली, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी डबे दिले. त्याला तेव्हा कोणी उद्योग म्हटले नाही, "हातभार" म्हटले. हा शब्द आम्हाला खटकतो. घर जिच्या कमाईवर चालले, तिचा नुसता हातभार कसा?

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचे उदाहरण घ्या. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना त्या जेवू घालायच्या. धान्य वाण्याकडून उधारीवर, आणि नड पडली की सावकाराचे व्याज. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या नावाने मिळवून दिले. स्वयंपाक आधीही तोच होता. फरक पडला तो बँकेच्या कागदावर बाईचे नाव आल्याने.

लिज्जत पापड तर घरोघर माहीत आहे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन तो सुरू केला. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नसते, ती मालकीत भागीदार असते. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांना बँक काढायची होती. सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला. बायका सही करायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि 1997 ला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला बँक उभी राहिली.

आता आपल्या वस्तीकडे वळू. 2023-24 च्या सरकारी श्रमबल पाहणीत काम करणाऱ्या बायकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बायका घरच्याच शेतीत, धंद्यात बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदल्या आहेत. म्हणजे राबायचे पूर्ण, आणि हातात दमडी नाही. इडलीच्या गाडीवर पहाटे चारला उठून पीठ ती भिजवणार, गल्ल्यावर मात्र नवरा बसणार.

दुसरीकडे बचत गटाचे, फायनान्सवाल्यांचे कर्ज मात्र तिच्या नावावर! त्या पैशाची मोटरसायकल येते ती ह्याच्या नावावर. हप्ता चुकला की वसुलीवाला तिच्या दारात उभा, आणि गटातल्या चार बायांसमोर मान तिची खाली. राग मानू नका, पण हे आपल्या घरांतही चालते. कर्जाला बायकोचे नाव चालते, मग धंद्याला का चालू नये?

म्हणून आमची विनंती आहे. घरात जो धंदा बाई चालवते, त्याची नोंदणी तिच्या नावाने करा. सरकारी उद्यम नोंदणीला फी लागत नाही, एजंटाला पैसे देऊ नका. बँकेचे पासबुक तिच्या हातात राहू द्या. रोजचा जमाखर्च वहीत लिहा आणि त्यात तिची मजुरीसुद्धा मांडा. मगच धंदा नफ्यात की तोट्यात ते कळेल. तिने घेतलेले कर्ज तिच्याच कामाला लागू द्या. आणि पुरुषांनो, ती बाजारात गेली तर पाणी भरणे, पोरांना शाळेत सोडणे यात कमीपणा मानू नका.

महिला मंडळाच्या भगिनींना एकच सांगणे, न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर विहारात या. आपल्या शिकलेल्या मुली कागद वाचून दाखवतील. कमिटीने त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवावा, अशी आमची सूचना आहे.

 

जयभीम!