राजवाड्याचा वारसा आणि खाणीचा वारसा



जर्मनीला जाऊन आलेल्या आपल्याकडील प्रवाशांचे वृत्तान्त चाळले, तर बहुतेकांतून एकच जर्मनी भेटतो. ऱ्हाइनच्या काठचे सरदारी किल्ले, १२४८ मध्ये पायाभरणी होऊन १८८० मध्ये पुरे झालेले कोलोनचे कॅथेड्रल आणि बव्हेरियाच्या डोंगरातील नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. हे सारे प्रेक्षणीय आहे, यात वाद नाही. परंतु चंद्रपूरच्या माणसाने पाहावा असा जर्मनी या वाटेवर लागत नाही. त्या राजवाड्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, आपल्या वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण सुरू झाली. राजवाड्याचे चित्र आज जगभर भिंतींवर लटकते. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, आणि त्या गावी एके काळी कोळसा निघत होता हे आनंदवनाला भेट देणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

एसेन शहरातील झोलफेराइन ही खाण मात्र जर्मनांनी विसरू दिली नाही. तिच्या बाराव्या विहिरीवरील इमारती १९३२ मध्ये उभ्या राहिल्या. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुशिल्पींनी त्यांची रचना केली, आणि तेथून दिवसाला बारा हजार टन कोळसा निघू लागला. डिसेंबर १९८६ मध्ये खाण बंद झाली. भंगाराच्या भावाने लोखंड विकून जागा मोकळी करणे हाच व्यवहाराचा मार्ग होता. प्रांतिक सरकारने ती जागा विकत घेतली, चाकांचा मनोरा जागेवर ठेवला, कोळसा धुण्याच्या इमारतीत संग्रहालय केले, आणि २००१ मध्ये या खाणीची जागतिक वारशात गणना झाली. तेथे आता लोक तिकीट काढून जातात.

तरीही झोलफेराइन हे सरकारचे कर्तृत्व होय. आपल्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट शेजारच्या ओबरहाउझेन शहरात घडली. तेथे आइझेनहाइम नावाची कामगारांची वसाहत आहे. लोखंडाच्या कारखान्याने १८४६ पासून ती बांधली. रूर प्रदेशातील अशा वसाहतींत ती सर्वांत जुनी. विटांची साधी घरे, मागे भाजीचा वाफा, सामाईक धुणीघर. विसाव्या शतकाच्या साठीनंतर ती पाडून तेथे नवी बांधकामे करण्याचे घाटले, तेव्हा त्या घरांत राहणारे खाणकामगार, त्यांच्या बायका आणि निवृत्त म्हातारी माणसे संघटित झाली. रोलांड ग्युंटर हे कलेतिहासाचे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि त्या वस्तीतच राहू लागले. विद्वानाने मोर्चापुढे भाषण करून घरी परतण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. त्याच्याशी हे ताडून पाहावे. १९७२ मध्ये वसाहतीला संरक्षण मिळाले, पाडापाडीचा बेत पुढे बारगळला, आणि धुणीघरात संग्रहालय झाले. घरे वाचली आणि माणसेही त्याच घरांत राहिली. वारसा जपण्याच्या नावाखाली जेथे रहिवाशांनाच उठवले जाते, तेथे जपले काय जाते, असा प्रश्न या वस्तीने जगापुढे ठेवला.

जर्मनीचा गौरव करताना दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. फोल्कलिंगेनचा लोखंडाचा कारखाना १९९४ मध्ये जागतिक वारसा ठरला. नाझी राजवटीत परदेशी कैदी आणि धरून आणलेले मजूर याच कारखान्यात राबवले गेले होते. २०१८ मध्ये तेथे त्यांचे स्मारक झाले. यंत्रे जपणे सोपे असते, वेठीची कबुली देण्यास अधिक काळ लागला.

आता आपल्या शहराकडे वळू. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला गोंड राजांचा हा तट. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. राणी हिराईने पतीची समाधी बांधली, ती आग्ऱ्याच्या बादशहाच्या कीर्तीला कोठेच कमी नाही. पाठ्यपुस्तकांनी तिची दखल घेतली नाही, एवढेच. याच शहराच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना फाशी झाली. तटावर झाडेझुडपे माजली होती, ती २०१७ पासून 'इको-प्रो'च्या तरुणांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून काढली. हे काम निःसंशय मोठे आहे.

पण तटाला लागून गरिबांची घरेही आहेत. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. गळके छप्पर दुरुस्त करायचे तरी परवानगी काढावी लागते. शहराभोवती फिरणाऱ्या तटाच्या दोन्ही अंगांना हा पट्टा आखला, तर त्यात किती चुली येतात हे मोजून पाहावे. कायदा वाईट आहे असे नव्हे. तट हवाच. मात्र त्या रहिवाशांना तटाचे शत्रू समजून नोटिसा धाडण्याऐवजी राखणदार मानून परवानगीची वाट सोपी करावी, ही मागणी आपल्याला आइझेनहाइमच्या आधारावर करता येते.

खाणींच्या बाबतीत तर वेळ थोडा आहे. भूमिगत खाणी एकेक करून बंद होत आहेत, उघड्या खाणी पसरत आहेत, आणि उघडी खाण आपल्यामागे इमारत नव्हे, खड्डा ठेवते. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथे तेलंगणातून, छत्तीसगडातून आलेल्या मजुरांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या. त्यांच्या चाळी, लॅम्प रूम, हजेरीची पुस्तके यांची नोंद कोणत्याही वारसायादीत नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या ठेकेदारीत खाली उतरलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्या तोंडून त्या दिवसांची हकीकत उतरून घेणे, आणि कामगार संघटनांच्या कचेऱ्यांतील जुनी इतिवृत्ते वाळवीच्या तावडीतून सोडवून जिल्हा ग्रंथालयात पोहोचवणे, एवढे काम तालुक्यातालुक्याच्या कार्यकर्त्यांना सरकारची वाट न पाहता येत्या पावसाळ्यापूर्वी करता येईल.